पोथीतील ‘इति’पासून संगणकातील मथळ्यापर्यंत



इतिहासाच्या व्याख्यानाला यावयाचे म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी ऐकावयाच्या, अशी आपल्याकडे समजूत आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत तिच्यासाठी कोणी तलवार उपसल्याचे ऐकिवात नाही. ती वस्तू म्हणजे ग्रंथातील प्रकरणाचा मथळा. तो पानावर कोठे बसतो, कसा दिसतो, आणि मुख्य म्हणजे तो कोण ठरवतो, एवढाच आजचा विषय. विषय लहान आहे खरा. पण आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांना तो लवकरच भेटणार आहे, किंवा भेटून गेला आहे. कोणाच्या घरी मुलीचा प्रबंध चालू असेल, कोणी एखाद्या संस्थेच्या शताब्दीग्रंथाचे संपादक असतील, आणि निवृत्तीनंतर कुलवृत्तांत लिहावयास घेतलेले तर प्रत्येक पेठेत दोघेतिघे सापडतील. पाचसहाशे पानांचा हा पसारा आज संगणकाच्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिला जातो. लिहिण्यात दोन वर्षे आनंदात जातात. मग छापखान्याकडे मजकूर धाडण्याच्या आदल्या रात्री असे दिसून येते की, सातव्या प्रकरणाचा मथळा ठळक आहे, आठव्याचा ठळकही आहे आणि अधोरेखितही आहे, दहावे प्रकरण दोनदा आले आहे, आणि अनुक्रमणिकेतील एकही पृष्ठांक जागेवर नाही. त्या रात्री घरात जे बोलले जाते ते व्याख्यानात सांगण्यासारखे नसते.

हा दोष लेखकाच्या निष्काळजीपणाचा आहे असे आम्हांला वाटत नाही. मथळा म्हणजे काय, याविषयी दोन निरनिराळ्या कल्पना शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत, आणि त्यांची गाठ त्या रात्री त्या टेबलावर पडते. एक कल्पना अशी की मथळा म्हणजे मोठे, ठळक, मधोमध बसवलेले अक्षर. दुसरी अशी की मथळा म्हणजे ग्रंथाच्या रचनेतील एक पद. त्याचा पोशाख नंतर कोणीही ठरवावा. या दोहोंपैकी जुनी कोणती, असे विचारले तर बहुतेक लोक पहिलीकडे बोट दाखवतील. पोथ्या मात्र निराळे सांगतात.

घरात जुनी हस्तलिखित पोथी असेल तर ती उघडून पाहावी. आरंभी गणेशाला नमस्कार, आणि तेथून एकदम ग्रंथ सुरू. मथळा नाही, मोकळी जागा नाही, नव्या अध्यायाला नवे पान नाही. ओळीमागून ओळ पानाच्या एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत भरलेली. कागद महाग आणि लेखनिकाचा वेळ त्याहून महाग. रिकाम्या जागेची चैन परवडणारी नव्हती. अध्याय संपतो तेथे मात्र ‘इति’ या शब्दाने एक लहानसे वाक्य सुरू होते. त्यात ग्रंथाचे नाव येते, अध्यायाचा विषय येतो आणि त्याचा अनुक्रमांक येतो. लगेच, पुष्कळदा त्याच ओळीत, पुढचा अध्याय लागतो. या समाप्तिवाक्याला पुष्पिका म्हणतात. लेखनिक तिच्यावरून गेरूचा हात फिरवी, किंवा ती तांबड्या शाईने लिही, एवढाच काय तो तिचा थाट. अक्षर तेच, आकार तोच. म्हणजे आपण आज ज्याला मथळा म्हणतो त्याचे सगळे काम ही पुष्पिका करीत होती. मात्र ती प्रकरणाच्या डोक्यावर न बसता पायाशी बसत होती.

ती शेवटी का? आमच्या मते याचे मुख्य कारण पोथी ऐकली जात असे हे आहे. देवळात किंवा ओसरीवर पुराणिक सांगतो आहे आणि पाचपन्नास माणसे ऐकत आहेत. त्यांच्यापुढे पान नाही. अध्याय संपल्याचे त्यांना कानानेच कळावयास हवे, आणि काय संपले व कितवे संपले हेही कळावयास हवे, कारण उद्या तेथूनच पुढे जावयाचे आहे. डोळ्यांसाठी असलेली खूण वेगळी होती आणि ती समासात असे: एका बाजूस ग्रंथाच्या नावाची एकदोन अक्षरे, दुसऱ्या बाजूस पत्रांक, आणि त्यावर पुष्कळदा ‘राम’. पोथीची पाने सुटी. वाऱ्याने उडाली तर पुन्हा जुळवण्याची ही सोय.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांचे पत्रांक कधीही जुळत नसत. पैठणच्या लेखनिकाचे अक्षर बारीक, वाईच्या लेखनिकाचे ऐसपैस. एकाचे शंभर पत्रांत आटोपले तेथे दुसऱ्याला दीडशे लागली. त्यामुळे ‘अमक्या पानावर पाहा’ असे शास्त्र्यांनी एकमेकांना सांगणे शक्यच नव्हते. ते अध्याय आणि श्लोक सांगत. दासबोधाचा वाचक ‘दशक दुसरा, समास पहिला’ म्हणे आणि ऐकणाऱ्याला मूर्खलक्षणे आठवत. तंजावरच्या मठातील पोथी असो की सज्जनगडच्या. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, मिळून दोनशे, आणि प्रत्येक समासाला स्वतःचे नाव. आजच्या संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या आणि दुसऱ्या पातळीचे मथळे, क्रमांकांसह, आणि एकही पातळी चुकलेली नाही. समर्थांच्या शिष्यांना ठळक टंक ठाऊक नव्हता. रचना पक्की ठाऊक होती. ती इतकी पक्की होती की, पुढे शिळाछाप आला, खिळ्यांचा छाप आला, आता पडदा आला, तरी दुसऱ्या दशकाचा पहिला समास आपल्या जागेवरून हललेला नाही.

याहून जुने उदाहरण ऋग्वेदाचे आहे. त्याचे विभाग दोन रीतींनी केलेले आहेत. दहा मंडले ही एक रीत. ती ऋषिकुले आणि देवता यांचा विचार करते. दुसरी रीत आठ अष्टकांची, प्रत्येक अष्टकात आठ अध्याय, म्हणजे एकंदर चौसष्ट. ही दुसरी वाटणी अर्थाकडे पाहत नाही. पाठ करणाऱ्याला साधारण सारखे घास मिळावेत एवढीच तिची दृष्टी. एकाच मजकुरावर दोन चौकटी, आणि दोहोंपैकी एकीनेही अक्षराचे रूप बदलत नाही. रचना आणि दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे आपल्या पूर्वजांनी सिद्धांत म्हणून मांडले नसेल, पण ते तसे वागले खरे. नावांची हौस मात्र त्यांना दांडगी: कांड, सर्ग, पर्व, उल्लास, उच्छ्वास. कथासरित्सागरकाराने ग्रंथाला सागर म्हटले, मग प्रकरणांना तरंग म्हणणे ओघाने आलेच. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन अक्षरांत छापले गेले, तेव्हा त्यानेही आपल्या सर्गांना अवस्वरू हे निराळे नाव दिले.

युरोपात काय चालले होते? आरंभी जवळजवळ हेच. पपायरसच्या गुंडाळीवर ग्रंथाचे नाव बहुधा शेवटी लिहीत. गुंडाळीचे आतले टोक सर्वांत सुरक्षित, हेही त्याचे एक कारण असावे. अनुक्रमणिकेची कल्पना मात्र रोमनांना सुचली होती. थोरल्या प्लिनीने इसवी सन ७७ च्या सुमारास सदतीस खंडांचा निसर्गेतिहास सम्राटपुत्र टायटसला अर्पण केला. त्यातील पहिला खंड म्हणजे उरलेल्या छत्तीसांची विषयसूची. राजपुत्राला सगळे वाचण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून ही सोय केल्याचे तो मोकळेपणाने सांगतो. राजपुत्रांविषयी त्याचा अनुभव दांडगा होता असे दिसते.

पुढे गुंडाळी जाऊन शिवलेली पाने आली, आणि बाराव्या-तेराव्या शतकांत विद्यापीठे आली. पॅरिसला जमलेल्या विद्यार्थ्यांपुढे एक अडचण उभी राहिली. बायबल प्रत्येकाजवळ, पण प्रत्येकाच्या प्रतीतील विभाग निरनिराळे. गुरुजी म्हणाले ‘अमके प्रकरण काढा’, की दहा जण दहा ठिकाणी. आज जी प्रकरणे बायबलात सर्वत्र आढळतात ती पाडण्याचे श्रेय परंपरेने स्टीफन लँग्टन याला दिले जाते. तो पॅरिसला शिकवीत असे, आणि १२०७ साली कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून नेमला गेला. त्या प्रकरणांच्या पोटात आजचे श्लोकांक घातले ते पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तियेन याने, १५५१ च्या आपल्या नव्या कराराच्या आवृत्तीत. मधली साडेतीनशे वर्षे प्रकरणांवरच काम भागले. पुढे पाने बदलली, भाषा बदलल्या, पंथांची भांडणे झाली. प्रकरणांचे आकडे मात्र दोन्ही बाजूंनी तेच वापरले.

रंगाच्या बाबतीतही एक साम्य आहे. आपला लेखनिक पुष्पिकेवर गेरू फिरवी. तिकडचा लेखनिक प्रकरणाचे नाव तांबड्या शाईने लिही, आणि ‘तांबडा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच मथळ्याला ‘रुब्रिक’ हे नाव पडले. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले तेव्हा पहिल्या काही पानांवर हे तांबडे मथळे यंत्रानेच छापून पाहिले. पान दोनदा यंत्राखालून काढावे लागे. तो नाद त्याने लवकरच सोडला, आणि मथळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवून ते काम हाताने लिहिणाऱ्यांकडे दिले. त्या लिहिणाऱ्यांसाठी कोठे कोणता मथळा घालावयाचा याची एक छापील यादी त्याने बरोबर दिली. तिच्या अगदी थोड्या प्रती म्युनिक आणि व्हिएन्ना येथे शिल्लक आहेत. आम्हांला या यादीचे फार कौतुक वाटते. बायबलाचा मजकूर एकीकडे, मथळ्यांची यादी दुसरीकडे, आणि त्यांना रूप देणारा हात तिसरीकडे. ही गोष्ट आपण पाच शतके मनात जपून ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

छपाईने मथळ्याला दोन देणग्या दिल्या. पहिली म्हणजे पृष्ठांक. एका आवृत्तीच्या हजार प्रती अक्षरशः सारख्या, म्हणून ‘पृष्ठ ११२’ याला हजार घरांत एकच अर्थ आला. अनुक्रमणिका खऱ्या अर्थाने तेव्हा उपयोगी झाली. दुसरी देणगी जागेची. मथळा पायाकडून डोक्याकडे गेला, त्याच्या वरखाली मोकळी जागा आली, आणि त्याला मोठा टंक मिळाला.

आपल्याकडे हे स्थित्यंतर एकदम झाले नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर हाताने उमटवलेल्या अक्षरावरून. आणि शिळाप्रेसवरच्या पोथ्या आडव्या, सुट्या पानांच्याच निघत राहिल्या. गिऱ्हाइकाला पोथी पोथीसारखी दिसावयास हवी होती. पुढे खिळ्यांचे छापखाने वाढले. जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टंकाने सगळ्या देशात नाव मिळवले, आणि बांधलेल्या पुस्तकाचा मथळा आपल्या डोळ्यांच्या सवयीचा झाला.

देवनागरीत मथळा सजवणे हे इंग्रजीपेक्षा कठीण काम होते, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दुहेरी अक्षरे आहेत. सगळा मथळा मोठ्या अक्षरांत केला की काम झाले. देवनागरीत ती सोय नाही. रोमन जुळारी अक्षरांत अंतर सोडून मथळा पसरवू शकतो. देवनागरीत अंतर सोडले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची दातकी फणी होते. उरतात तीन साधने: आकार, जाडी आणि जागा. या तिघांवर आपल्या जुळाऱ्यांनी एक शतक काढले. प्रकरणाचे नाव केवढ्या टंकात, पोटमथळा केवढ्यात, वर किती शिसे घालावयाचे आणि खाली किती, हे त्यांच्या हातांत होते. त्यांचा एक दंडक तर आम्हांला फार मोलाचा वाटतो. पोटमथळा पानाच्या तळाशी एकटा राहता कामा नये; त्याच्याखाली निदान दोन ओळी हव्यात, नाही तर त्याला उचलून पुढच्या पानावर न्यावयाचे. आईने मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा तसा मथळा आपल्या परिच्छेदाला धरून चालतो.

आणि लेखक काय करी? लेखक हस्तलिखितात मथळा लिही आणि समासात एक खूण करी: हे प्रकरण, हा पोटमथळा. बस. पुढचे छापखाना पाही. म्हणजे पद लेखकाने द्यावयाचे आणि रूप जुळाऱ्याने, अशी कामाची वाटणी झालेली होती, आणि ती चांगली होती.

ती मोडण्याची सुरुवात टंकलेखन यंत्राने केली. यंत्रावर अक्षराचा आकार एकच, जाडी एकच. मथळा मधोमध आणावयाचा तर पानाच्या मध्यावर जाऊन, मथळ्याची अक्षरे मोजून, निम्मी मागे सरावे लागे. मग मागे फिरून खाली रेघ मारावयाची. यामुळे लेखक, किंवा त्याचा टंकलेखक, पहिल्यांदाच स्वतः मथळ्याला रूप देऊ लागला. हाताला लागलेली ही सवय संगणकात शिरली, आणि आजच्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

संगणकावर मजकूर मांडण्याच्या पहिल्या खटपटी टंकलेखन यंत्राच्या चालीनेच झाल्या. मॅसॅच्युसेट्सच्या एम्. आय्. टी. मध्ये जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ साली रनऑफ नावाचा कार्यक्रम लिहिला. मजकुरात मधूनमधून टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा लिहावयाच्या: ही ओळ मधोमध घे, येथे ओळ तोड, येथे जागा सोड. या आज्ञा जुळाऱ्याला सांगितल्यासारख्या आहेत. ‘हे प्रकरणाचे नाव आहे’ असे त्यांत कोठेच म्हटलेले नाही. संगणकाला एवढेच कळते की काही ओळी मधोमध आहेत. त्यांतली प्रकरणे कोणती आणि अर्पणपत्रिका कोणती, हे त्याला विचारून उपयोग नाही.

१९६७ च्या सप्टेंबरात विल्यम टनिक्लिफ या मुद्रण व्यवसायातील गृहस्थांनी कॅनडा सरकारच्या मुद्रण कार्यालयातील एका बैठकीत असे मांडले की, मजकुराचा आशय आणि त्याचे रूप यांची फारकत केली पाहिजे. दोन वर्षांनी आय्. बी. एम्. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब यांनी एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांच्यासह तीच गोष्ट प्रत्यक्षात आणावयास घेतली. गोल्डफार्ब मूळचे वकील, आणि काम होते वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रांचे. एकच कायद्याचा मजकूर एका यंत्राला शोधावयाचा आहे, दुसऱ्याला संपादायचा आहे, तिसऱ्याला छापावयाचा आहे. आणि तिन्ही यंत्रांच्या आज्ञा वेगळ्या. तेव्हा मजकुरात आज्ञा घालूच नयेत. फक्त खुणा घालाव्यात की हा पहिल्या पातळीचा मथळा, हा दुसऱ्या पातळीचा, हा परिच्छेद. मग ज्याने त्याने आपापल्या यंत्रावर त्याचे जे करावयाचे ते करावे. ही जुनीच वाटणी आहे हे आपल्या लक्षात आले असेल. समासातील लेखकाची खूण परत आली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन या पद्धतीला जी. एम्. एल्. असे नाव पडले, १९८६ साली तिच्या विस्तारित रूपाला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला, आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जागतिक जाळ्याची भाषा रचली तेव्हा मथळ्यांच्या पातळ्या तेथून उचलल्या. जाळ्यावर मथळ्याच्या सहा पातळ्या आहेत.

विद्वानांच्या गावातही हेच चालले होते. डोनाल्ड कनुथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी पुढचा खंड लिहावयाचा ठेवून अक्षरजुळणीचा कार्यक्रमच लिहावयास घेतला. त्याचे नाव टेक. त्यावर लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत लाटेक हा थर चढवला. त्यात लेखक ‘प्रकरण’ अशी आज्ञा लिहून कंसात नाव देतो आणि पुढे जातो. क्रमांक यंत्र घालते. अनुक्रमणिकेची युक्तीही पाहण्यासारखी आहे. पहिल्या फेरीत यंत्र मजकूर मांडता मांडता प्रत्येक मथळा आणि त्याचे पान एका वेगळ्या यादीत टिपून ठेवते. दुसऱ्या फेरीत ती यादी वाचून अनुक्रमणिका छापते. वेगळी यादी! गुटेनबर्गची ती यादी आपण जपून ठेवली होती, ती येथे उपयोगी पडली.

सामान्य माणसाच्या टेबलावर मात्र आले ते दुसऱ्या घराण्यातील अवजार. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात बटलर लँपसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ साली ब्राव्हो नावाचा संपादक तयार केला. पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही त्याची करामत. सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि १९८३ साली त्या कंपनीचा वर्ड बाजारात आला. आता एक चमत्कारिक गोष्ट घडली. जे दिसते तेच उमटते म्हटल्यावर लोकांनी दिसण्यावरच लक्ष दिले. शब्द निवडावा, ‘ठळक’चे बटण दाबावे, आकार वाढवावा, मथळा तयार! वस्तुतः या अवजारात ‘स्टाइल’ची, म्हणजे शैलीची, सोय आरंभीच्या काळापासून होती, आणि मथळ्याच्या चांगल्या नऊ पातळ्या त्यात आहेत. पण त्या बटणामागचे शास्त्र कोणी सांगितले नाही, आणि आपण सगळे टंकलेखन यंत्राच्या चालीने पुढे गेलो.

या नऊ पातळ्यांत काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण कुलवृत्तांताचे भवितव्य त्यावर आहे. ओळीला ‘हेडिंग १’ ही शैली लावली म्हणजे तिला पद मिळते. ती कशी दिसावी हे एकदा, एकाच जागी ठरवावयाचे. चाळीस प्रकरणांचे चाळीस मथळे एकदम बदलतात. नव्या प्रकरणाला नवे पान हवे तर ते शैलीतच सांगावयाचे. रिकाम्या ओळी दाबत पानाच्या तळापर्यंत जावयाचे कारण नाही. क्रमांक शैलीला जोडून दिला की मधले प्रकरण उचलून दुसरीकडे नेले तरी दहावे दोनदा येत नाही. शैलीच्या तपशिलात ‘पुढच्या परिच्छेदासोबत ठेवा’ अशी एक खूण असते, आणि मथळ्यांना ती मुळातच लावलेली असते. जुळाऱ्याचा तो दंडक! खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले, ते हात गेले. त्यांच्या कसबाचा हा एवढा तुकडा एका चौकटीत शिल्लक आहे, आणि तो कोणाचा हे तेथे लिहिलेले नाही. अनुक्रमणिका तर हाताने लिहावयाचीच नाही. यंत्र पदे पाहून ती बांधते. मजकूर बदलला की तिला ‘ताजी हो’ म्हणावयाचे. मात्र नुसती ठळक केलेली ओळ यंत्राला मथळा म्हणून दिसत नाही. तिला पद दिलेले नाही, म्हणून ती यादीत नाही.

मराठी लेखकाच्या वाटेत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला असा की, वर्ड एकाच शैलीत रोमन अक्षरांचा टंक वेगळा आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपींचा वेगळा ठेवतो. आकार आणि जाडीही वेगळी. ‘हेडिंग १’चा आकार रोमनसाठी वाढवला आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असे लिहिलेला दुसरा रकाना तसाच राहिला, तर मराठी मथळा हट्टी मुलासारखा लहानचा लहान राहतो. लेखक वैतागून शैली सोडतो आणि पुन्हा बटणाकडे वळतो. रकाना एकदा भरला की झाले. दुसरा खड्डा जुन्या टंकांचा. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी आली, पण त्यानंतरही कित्येक वर्षे आपले पुष्कळसे मराठी अशा टंकांत लिहिले गेले, ज्यांत यंत्राच्या दृष्टीने मजकूर रोमन चिन्हांचा असतो आणि फक्त चेहरा देवनागरीचा. अशा मथळ्यांची अनुक्रमणिका बांधली, आणि अनुक्रमणिकेच्या शैलीला दुसरा टंक असला, की ‘आमचे मूळ गाव’ याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि स्वरचिन्हांचा कचरा उमटतो. मुखवटा गळतो. तेव्हा जुने लेखन आधी युनिकोडमध्ये आणावे आणि मग मथळ्यांना हात घालावा, हा क्रम चुकवू नये.

कोणी म्हणेल, छापील पुस्तक शेवटी एकदाच निघते. हाताने लिहिलेली अनुक्रमणिका डोळ्यांत तेल घालून तपासली म्हणजे झाले. छापील पुस्तकापुरते हे खरे आहे. पण आज तोच कुलवृत्तांत परदेशातील नातू फोनवर वाचतो, आणि फोनवर अक्षर मोठे केले की पान फुटून दोन होतात. ११२ वे पान कोणते हे तेथे कोणीच सांगू शकत नाही. छपाईने दिलेली पृष्ठांकाची देणगी पडद्याने परत घेतली. पैठणची पोथी आणि वाईची पोथी पुन्हा जुळेनाशा झाल्या. अशा वेळी नातवाला आपले गाव सापडते ते ‘प्रकरण तिसरे, पोटमथळा दुसरा’ यावर, म्हणजे दशक आणि समास यांवरच. मथळ्यांना पदे दिलेली असतील तर ती यादी पडद्याच्या कडेला उभी राहते आणि बोट लावताच ते प्रकरण उघडते.

आणखी एक वाचक आहे, आणि त्याचा विचार लेखकाच्या मनात क्वचितच येतो. अंध वाचक संगणकाकडून मजकूर वाचून घेतो. यंत्र बोलते, तो ऐकतो. सहाशे पाने पहिल्या ओळीपासून ऐकणे अशक्य, म्हणून त्याच्यासाठी वाचकयंत्रात एक कळ असते. ती दाबली की यंत्र मधला सगळा मजकूर ओलांडून पुढच्या मथळ्यावर जाते, आणि त्याची पातळी व त्याचे नाव उच्चारते. ओसरीवर पुराणिकासमोर बसलेल्या श्रोत्याला पुष्पिका जे सांगत होती तेच हे: काय आहे आणि कितवे आहे. ठळकपणा, मोठा आकार, मधोमध बसवलेली ओळ यांचा कानाला आवाज नाही. ज्या ग्रंथात मथळे केवळ बटण दाबून ठळक केलेले आहेत, तेथे तो ती कळ दाबतो, आणि यंत्र एवढेच सांगते की, पुढे मथळा नाही.